एडक्यावरून कुटीपलीकडे

हे कोणी खरं मानणार नाही, ते आधीच सांगून टाकतो. मी माझ्या स्वतःच्या मयताला हजर होतो. नुसता हजर नव्हतो. मयत मीच, मयताला वाट सांगणारा मीच, आणि रडायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून थोडंफार रडलोही मीच. एडक्याच्या पाठीवर बसून कुटी गावाच्या पलीकडे, जिथं जिवंत माणसाचं काम नाही तिथवर गेलो, आमच्या हिला भेटलो, तिची चार बोलणी खाल्ली आणि संध्याकाळच्या चहाला परत आलो. चहा गार झाला होता, एवढीच काय ती तक्रार.

मी दरपान सिंग, गर्ब्यांगचा. आमचं गाव डोंगरावरून खाली सरकत चाललंय, त्यामुळे दर उन्हाळ्यात वर गेलो की घर आधी शोधावं लागतं. यातलं पहिलं वाक्य खरं आहे, दुसऱ्याचं तुम्ही बघा. थंडीत आम्ही सगळे रङ लोक खाली धारचुल्याला उतरतो, आणि धारचुल्यात माझ्या थापांना चांगला भाव आहे. बाजारात दुकानदाराने किंमत फुगवून सांगितली की गिऱ्हाईक म्हणतं, "दरपान तितीसारखं बोलू नकोस." तिती म्हणजे आजोबा. सगळं गाव मला तिती म्हणतं. नुसत्या नावाने हाक मारणारा एक नेत्र सिंग उरलाय, आणि तोही हिंदीत मारतो.

थापा हा माझा छंद. धंदा वेगळा आहे. आमच्यात माणूस गेला की त्याला वाट सांगावी लागते. त्याचे कपडे एडक्याच्या पाठीवर बांधायचे, एडक्यासमोर सातूचा गोळा ठेवायचा, चक्ती, म्हणजे आमची घरची दारू, ओतायची, आणि जिथं माणूस गेला तिथपासून सुरू करून, नदीच्या काठाकाठाने, एकेका मुक्कामाचं नाव घेत, त्याला वर वर पूर्वजांपर्यंत न्यायचं. नावं आमच्या बोलीतली, तीही जुनी. एक मुक्काम चुकला तर गेलेला माणूस त्याच्या अलीकडे बसून राहतो. शेवटच्या पाण्याशी पोचलं की सांगणाऱ्याने म्हणायचं, "तुझी वाट पुढे, माझी वाट मागे," आणि खांद्यावरून जवाचे दाणे मागे टाकायचे. ते म्हटलं नाही तर सांगणाराही पुढे जातो.

हे काम करणारे आम्ही दोघं होतो. मी, आणि नपलच्यूचा जमन. जमन माझ्याहून लहान, म्हणून असं ठरलं होतं की मला तो पाठवील. तो आधी गेला. जन्मात एवढी एकच गोष्ट त्याने वेळेआधी केली. मीच त्याला पाठवला, आणि जवाचे दाणे मागे टाकताना लक्षात आलं की आता मला पाठवायला कोणी नाही.

तुम्ही म्हणाल, मग कोणाला तरी शिकवा. ती वाट शिकवता येत नाही. घरात मयत नसताना ती म्हटली तर कोणीतरी जिवंतच उठून चालायला लागतं, असं आमच्यात मानतात. ती मयताला बसून ऐकायची, ऐकता ऐकता यायची. मी अशीच उचलली, जमनने अशीच उचलली. पण ऐकायला बोली यायला हवी ना. आता मयताला जी पोरं येतात ती खाली मान घालून फोन बघत बसतात आणि शेवटी विचारतात, "तिती, झालं का?" माझा मुलगा दिल्लीला असतो. फोनवर मी बोलीत विचारतो, तो हिंदीत उत्तर देतो. नातवंडं हलद्वानीला होस्टेलात. घरी मी आणि सून रूपसा. ती इथल्या शाळेत शिकवते. आहे आमच्यातलीच, शेजारच्या चौदांस पट्टीतली, पण वाढली पिथौरागढला. पहिलं मूल झालं तेव्हाच तिने सांगितलं, "बाज्यू, घरात हिंदीतच बोलू या. मुलं शाळेत मागं पडतात." मी बरं म्हटलं. पदिमा, म्हणजे माझी बायको, होती तोवर आम्ही दोघं चुलीपाशी हळू आवाजात बोलून घ्यायचो, चोरून विडी ओढावी तसं. ती गेल्यावर चूल राहिली. चुलीशी किती बोलणार?

हल्ली तर स्वप्नातही हिंदी शिरायला लागली. परवा माझी आई स्वप्नात आली. जन्मात तिने गर्ब्यांगच्या खाली पाऊल टाकलं नाही, आणि तिने मला हिंदीत विचारलं, जेवलास का. मी दचकून उठून बसलो.

एक साहेब मध्यंतरी मशीन घेऊन आले होते. चांगला माणूस. एका मयताला परवानगी घेऊन बसले आणि सगळी वाट मशीनमध्ये भरून घेतली. मला म्हणाले, आता काळजी नाही. पुढच्या मयताला मी तापाने पडलो होतो, तेव्हा त्या घरच्यांनी मशीन लावलं. आता गंमत अशी की एडक्याने अंग झाडल्याशिवाय वाट सुरू करायची नसते. अंग झाडलं म्हणजे गेलेला माणूस पाठीवर बसला. कोणी पटकन बसतो, कोणी घराकडे बघत रेंगाळतो. सांगणाऱ्याने थांबायचं. मशीन थांबेना. ते कुटीला पोचलं तरी एडका इथं धारचुल्यात सातू खात उभा. शेवटी मला तापातून उठवून नेलं. म्हातारा गेलेला माणूस, बिचारा दारातच होता.

म्हणून मी काय केलं, की ही गोष्ट रचली. माझ्या मयताची. वाट उगाच म्हणायची नाही, पण थापेत म्हटली तर चालते. थापेला दोष लागत नाही, हे मी माझ्याच अधिकारात ठरवलं. दर हिवाळ्यात गच्चीवर उन्हात माणसं जमली की मी ती सांगतो. सांगतो हिंदीत, नाहीतर ऐकणार कोण. पण मुक्कामांची नावं बोलीतच घेतो. इथं त्यांचा अर्थ तेवढा देतो. आणि दर हिवाळ्यात त्या वाटेतला एक मुक्काम मुद्दाम गाळतो. कोणीतरी मला तिथं पकडावं, म्हणावं, तिती, हे चुकलं. ज्याला चूक कळेल त्याला वाट येते. ज्याला वाट येते तो मला पाठवील.

लोक मला पकडतात. अगदी उत्साहाने पकडतात. एडका हवेत कसा चालेल, मेलेला माणूस चक्ती कशी पिईल, सगळं विचारतात. त्या गाळलेल्या मुक्कामावरून मात्र सगळे सपाट रस्ता असल्यासारखे पुढे जातात.

त्या रविवारी गच्चीवर चांगलं ऊन होतं. नेत्र सिंग आला होता. तो फौजेतून निवृत्त झाला तेव्हापासून त्याचं काम एकच, माझं बोलणं खोडून काढणं. चंदर आला होता, जो गुंजीपर्यंत जीप चालवतो. रूपसाला सुट्टी होती. ती आमच्याकडे पाठ करून सुपात राजमा निवडत बसली होती.

"तिती, ती मेल्याची गोष्ट सांगा," चंदर म्हणाला. "गेल्या साली मी अर्ध्यात उठलो. सवारी आली होती."

"मेल्याची गोष्ट अर्धी ऐकू नये," मी म्हटलं. "अर्धा माणूस खाली राहतो."

"खालचा अर्धा राहिला तरी चालेल," नेत्र सिंग म्हणाला. "याचं तोंड तेवढं वर जाऊ दे."

मी सुरू केलं. घरात कोणी नव्हतं, सून लग्नाला गेली होती. माझा कोट काढला, टोपी काढली आणि एडक्याच्या पाठीवर बांधली.

"एडका कुठून आणलास? तुझ्याकडे एडका कधी होता?"

"तुझाच आणला. तो वाकड्या शिंगाचा."

नेत्र सिंग सरळ होऊन बसला. "तो तर हरवला होता. मी पूल ओलांडून नेपाळात शोधत फिरलो."

"नेपाळात कसा सापडेल? त्याहून लांब गेला होता."

"दर साली तू दुसऱ्याचा एडका सांगतोस. गेल्या साली म्हणालास गावच्या प्रधानाचा होता."

"गेल्या साली प्रधान समोर बसला होता."

चंदर हसला. मी पुढे गेलो. सातूचा गोळा ठेवला. मयताच्या वाटणीची चक्ती ओतली. मग आठवलं की मयत मीच, म्हणून ती प्यायलो. मग वाट सांगणाऱ्याच्या वाटणीची ओतली. तीही माझीच.

"हां," नेत्र सिंग म्हणाला, "आता पुढचं सगळं समजलं."

"समजलं नाही. एडक्याने अंग झाडलं ना. असं झाडलं की धूळ माझ्या डोळ्यांत गेली, आणि डोळे उघडले तर मी वर. कोटाच्या आत, टोपीच्या खाली. हलका असा की एडक्यालाही पत्ता नाही. आणि पुढे माझाच आवाज चाललाय, एकेक नाव घेत, आणि एडका त्या आवाजामागे. तुम्ही स्वतःचा आवाज पाठीमागून कधी ऐकलाय? मला वाटायचं माझा आवाज भारी आहे. कसला भारी! नाक चोंदलेल्या बोकडासारखा. इतक्या लोकांना मी त्या आवाजात वर धाडलं आणि कोणी तक्रार केली नाही, फार सोशिक लोक आपले."

तवाघाटच्या पुढे समोरून चंदरची जीप आली.

"माझी?"

"तुझीच. मागे लाल काळवीट काढलेली. वळणावर तू हॉर्न वाजवला नाहीस. आम्ही गाडीच्या आरपार गेलो, एडका, कोट, सगळं. तुझ्या शेजारी पुढच्या सीटवर एक मुलगी बसली होती."

चंदरने फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"कोण मुलगी?" नेत्र सिंगने विचारलं.

"सवारी असेल," चंदर म्हणाला.

"सफरचंद सोलून तुझ्या तोंडात घालत होती," मी म्हटलं. "सवारीची चांगली सोय ठेवतोस."

ही थाप होती, पण चंदरचे कान लाल झाले. थापांचं असं असतं, दहांतली एखादी आपोआप खरी लागते.

पुढे 'सासूचा उसासा'. हा आमचा जुना चढ. तिथं आता सुरुंग लावून रस्ता काढलाय, गाडी खालून सपाट जाते. कडा राहिलाच नाही. मला धाकधूक होती की वाट तुटली असणार. पण एडक्याने पाय टाकला, आणि चढ होता. दगड नेला, माती नेली, पण चढ तसाच हवेत उभा आहे. आमच्या लोकांनी इतकी वर्षं त्याला नाव घेऊन हाक मारली, तो कुठं जाणार. एडका हवेत चढला, पायऱ्या चढावा तसा. खाली रस्त्यावर मजूर जेवत होते. वरून लेंडी पडली ती कोणाच्या ताटात पडली ते मी सांगत नाही.

"हवेत एडका," नेत्र सिंग म्हणाला. "पकडला तुला. हे खोटं."

"पकड," मी म्हटलं. रूपसाच्या सुपातला राजमा वाजत होता.

बुधी गेलं, छियालेखची फुलांची पठारं गेली, तिथं टोपी काढून वाकायचं, मी टोपीसकट वाकलो कारण टोपी एडक्याची होती. गर्ब्यांगला घरासमोरून गेलो, थांबलो नाही, कारण घराने मला ओळखलं नाही. आणि मग 'गप्पांचं पाणी' लागलं. तिथं झऱ्याकाठी जाणारे लोक दम घेतात.

तिथं सगळे होते. मी पाठवलेले, जमनने पाठवलेले, आम्ही ज्याची ऐकून वाट उचलली त्याने पाठवलेले. थांबायचं नसतं तिथं, पण गप्पा संपत नाहीत म्हणून बसलेले. आणि काय तो गलका! सगळा आमच्या बोलीत. कोणी मिठाचा भाव पाडून मागतंय, कोणी कुणाच्या आईचा उद्धार करतंय, कोणी पोराला म्हणतंय नाक पूस. गड्यांनो, मला चक्कर आली. आंधळ्याला एकदम जत्रेत सोडल्यासारखं झालं. चढावर मेंढरू मागे वळून वळून बघत चालतं ना, त्याला आमच्यात एक शब्द आहे. तो मी कित्येक वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. तिथं एका बाईने तो सहज वापरला. आपल्या नवऱ्यासाठी.

"कोणता शब्द?" चंदरने विचारलं.

मी सांगितला. त्याने म्हणून बघितला, तोंडात गरम बटाटा असल्यासारखा. मी पुन्हा सांगितला. त्याने पुन्हा तसाच म्हटला, मग त्याचा फोन वाजला आणि शब्द तिथंच राहिला.

जमन झऱ्यापाशी बसला होता. मला बघून म्हणाला, "आलास? कोणी पाठवला?"

"मीच."

"दुसरं कोणी मिळालं नाही?"

"ठरलेला होता एक. त्याने घाई केली."

"माझ्यावर ढकलू नकोस," तो म्हणाला. "आणि काय रे, तुझा आवाज असा का येतोय पुढून? बोकड चिरडल्यासारखा."

म्हणजे त्यालाही तसंच वाटलं. मेल्यावर माणूस खरं बोलायला लागतो.

मला तिथं बसायचं होतं. पण पुढे माझा आवाज चाललेला, तो कोणासाठी थांबत नाही. एडका निघाला. गुंजी, नाबी, मग कुटी. कुटीपर्यंत आता चंदरसारखेही जातात. कुटीच्या पुढे फक्त नावांची वाट. बर्फ, वारा आणि नावं. पहिलं नाव 'मिठाचा दगड'. तिथं एडका दगड चाटतो, त्याला चाटू द्यायचं. मिठाचा दगड सोडला आणि मी शेवटच्या पाण्याशी पोचलो.

इथं मी दर साली थांबतो. खोकला आला असं दाखवतो आणि तोंडं बघतो. नेत्र सिंग विडी पेटवत होता. चंदर फोनवर कोणाला तरी सांगत होता की उद्या सकाळी, हो, पुढची सीट. खाली नदीचा आवाज येत होता. पलीकडच्या किनाऱ्यावर, नेपाळात, कोणीतरी बाई गोधड्या वाळत घालत होती. एवढ्या मोठ्या उन्हात मला थंडी वाजली. दर साली वाजते. मग मी पुढे सांगतो, कारण पुढचा भाग लोकांना आवडतो.

"मग? भाभी भेटली?" नेत्र सिंगने विचारलं. त्याला हे पाठ आहे, तरी विचारतो. पदिमाला तो मान द्यायचा. तिच्या हातची फाफराची भाकरी त्याने माझ्यापेक्षा जास्त खाल्लीय.

"भेटली तर. शेवटच्या पाण्याशी दगडावर बसली होती, पाय पाण्यात सोडून. मला बघितलं आणि पहिलं काय म्हणाली सांग."

"काय?"

"म्हणाली, हाच कोट? मी म्हटलं होतं ना, मयताला तरी नवा घाल."

चंदर खो खो हसला.

"मी म्हटलं, मयत घाईत निघालं. ती म्हणाली, दाढीही घाईत राहिली वाटतं. मग म्हणाली, सुनेशी नीट बोलतोस का? मी म्हटलं, बोलतो, चहा ठेव म्हणतो. ती म्हणाली, एवढंच? मी म्हटलं, एवढंच हिंदी मला गोड येतं. मग ती जरा सरकली. दगडावर जागा केली आणि म्हणाली, बस."

"मग?"

"मग काय. मी बसणार, गुडघा वाकवला, आणि तेवढ्यात तोंड सुटलं. सवय रे! जन्मभर त्या पाण्याशी पोचलं की मी एकच वाक्य म्हटलंय. तुझी वाट पुढे, माझी वाट मागे. माझ्या आवाजाने तेच म्हटलं. मी त्याचं तोंड दाबायला गेलो तर आवाजाला तोंड कुठं? हात आपोआप खांद्यावर गेला, जव मागे उडाले, आणि मी इथं. अंगणात. एडका माझ्या कोटाची बाही खात होता."

दर सालीप्रमाणे सगळे हसले. नेत्र सिंगच्या विडीचा धूर नाकातून उलटा गेला, तो खोकत खोकत हसला. "स्वतःला पाठवतो आणि स्वतःच परत बोलावतो," तो म्हणाला. "अरे, तुला मरायलाही दुसरा माणूस लागतो, दरपान."

"लागतो ना," मी म्हटलं. "तेच तर सांगतोय."

"बाही तरी माझ्या एडक्याने खाल्ली हे खरं मानतो," नेत्र सिंग म्हणाला. "बाकी कोण बघायला आलंय?"

चंदर उठला, जीपची किल्ली शोधायला लागला. सुपातला राजमा वाजायचा थांबला होता, ते माझ्या उशिरा ध्यानात आलं. रूपसा आमच्याकडे वळून बसली होती. तिच्या मुठीत खडे होते, निवडून काढलेले, ते टाकायचे राहिले होते.

"मिठाच्या दगडावरून शेवटच्या पाण्याला वाट नाही," ती म्हणाली.

हे ती आमच्या बोलीत म्हणाली. चौदांसकडची मंडळी शब्दाचं शेपूट ओढतात, तसं ओढून, जरा अडखळत, शाळेतलं पोर फळ्यावरचं वाचतं तसं. पण नावं जुनी होती, दोन्ही, आणि जशी मयताला घ्यायची तशीच घेतली होती.

नेत्र सिंगने विडी खाली केली. चंदर किल्ली हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्याला एक अक्षर कळलं नसणार, पण तो उभा राहिला.

"मग काय आहे मधे?" मी विचारलं. हिंदीत विचारलं की बोलीत, ते आता आठवत नाही.

"चाती टेकायची जागा," ती म्हणाली. "बायका वाटभर लोकर कातत जातात आणि तिथं चाती खाली ठेवतात. मागून येणाऱ्यासाठी थांबतात. तो आल्याशिवाय पुढे जात नाहीत. सासूबाईंना वाट सांगितलीत त्या दिवशी मी दाराआड होते. त्या जागेपाशी तुमचा आवाज बसला. तुम्ही पाणी मागितलंत, आणि ते नाव पुन्हा घेतलंत. मग परत एकदा घेतलंत. पुढचं नाव घेईना झालात. जमन काका म्हणाले, सोड आता तिला."

मी सवयीने खोकलो, पण या खेपेला खोकला खराच आला.

तिने मुठीतले खडे कठड्यापलीकडे टाकले, आणि हात झाडत, तशाच अडखळत्या बोलीत, शिक्षिका पोराची चूक दाखवते तशा सरळ आवाजात म्हणाली, "त्या अजून तिथं आहेत, बाज्यू, चातीजवळ. तुम्ही ती जागाच घेतली नाहीत. मग शेवटच्या पाण्याशी कोण भेटलं तुम्हाला? खोटं आहे हे. तुम्ही त्यांना भेटलाच नाहीत."